दुसरी दांडी

नव्या पेठेतल्या आमच्या दुकानाची गादी दोन माणसांपुरती आहे. पुढे गल्ल्याशी माझा मुलगा बसतो आणि त्याच्या मागे लोडाला टेकून मी बसतो. निदान गेल्या दिवाळीपर्यंत तरी बसत असे. गिऱ्हाईक मुलाशी बोले, चादरीची घडी तो उलगडून दाखवी, पावती तोच फाडी. परंतु शेवटचा भाव सांगण्याआधी त्याची मान किंचित मागे वळे आणि माझी मान किंचित हले. हा व्यवहार इतक्या वर्षांचा होता की आम्हा दोघांनाही तो दिसेनासा झाला होता.

तो पाहिला माझ्या नातीने. ती बारामतीला विमान चालवायला शिकते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आली असताना तासभर दुकानात येऊन बसली, आमचा कारभार तिने न्याहाळला आणि जाता जाता म्हणाली, "आजोबा, आपली गादी अगदी आमच्या विमानासारखी आहे. दोन जागा आणि दोघांच्या हातात कंट्रोल. फरक एवढाच, की आमचे सर कधीतरी खाली उतरतात."

एवढे बोलून ती फराळाला घरी गेली. मी मात्र त्या दिवशी दुपारभर एकाही गिऱ्हाइकाच्या वेळी मान हलवू शकलो नाही. धनत्रयोदशीच्या आधीचे दिवस, नव्या पेठेत पाऊल ठेवायला जागा नाही, दुकानात माणसांवर माणसे, आणि मी तिच्या विमानाचा विचार करीत बसलो होतो.

त्या रात्री तिला शेजारी बसवून मी सारे समजून घेतले. फ्लाइंग क्लबांत आणि शिक्षणसंस्थांत नवशिक्यांना ज्या विमानावर बसवतात ते फार लहान असते. पुढे एक पंखा, एक इंजिन, आणि आत दोनच आसने. प्रत्येक आसनापुढे एक दांडी आणि पायाशी सुकाणूचे पेडल. दांडी पुढे लोटली की विमानाचे नाक खाली जाते, मागे ओढली की वर येते, बाजूला कलवली की पंख कलतात. विशेष हे, की दोन्ही दांड्या खालून एकमेकींना जोडलेल्या असतात. शिष्याने आपली दांडी डावीकडे नेली की गुरूच्या हातातली दांडीही आपोआप डावीकडे जाते. एकाच्या मनातली भीती दुसऱ्याच्या तळहाताला लागते, असे म्हटले तरी चालेल. आणि तिसऱ्या माणसाला त्यात जागाच नसते. मागे बसून सल्ला देणारा मामा नाही, कौतुक करणारी मावशी नाही. शिकवणारा, शिकणारा आणि आभाळ.

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेकडो उतारू पोटात घेऊन जाणारे धूड येते. परंतु त्या धुडाचा वैमानिकही कधीतरी असल्याच एका दोन आसनांच्या पाखरावर बसून पहिला धडा गिरवतो. १९२५ साली इंग्लंडमध्ये डी हॅविलंड यांचे 'मॉथ' हे विमान उडाले आणि क्लबांना परवडेल असे शिकाऊ विमान प्रथमच जगाला मिळाले. आपल्याकडे मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ साली निघाला, तो असल्या विमानांच्या भरवशावर. आणि या गोष्टीचा एक धागा थेट आमच्या गावाशी पोचतो, हे मला फार उशिरा कळले. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, आमच्या सोलापूरचा. त्यांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन १९४० सालच्या डिसेंबरात बंगलोरला विमानांचा कारखाना काढला. त्या कारखान्याने १९४१ साली जोडणी करून पहिल्यांदा जे विमान आकाशात सोडले, ते लढाऊ नव्हते की उतारूंचे नव्हते. ते 'हार्लो' नावाचे दोन आसनांचे शिकाऊ विमान होते. बाळ जसे प्रथम 'आई' म्हणते, तसा हा देशी कारखाना प्रथम 'शीक' असे म्हणाला, असे मला वाटते.

पुढे त्याच कारखान्यात विष्णू माधव घाटगे यांनी भारतीय आराखड्याचे दोन आसनांचे शिकाऊ विमान तयार केले. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगनला प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेले. त्यांचे 'एच. टी. २' १९५१ सालच्या ऑगस्टमध्ये उडाले. असली दीडशेहून अधिक विमाने झाली, आपल्या वायुदलाच्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्यांनी त्यांवर पहिला धडा घेतला आणि आफ्रिकेतल्या घाना देशानेही आपल्या नव्या वायुदलासाठी त्यांतली काही विकत घेतली. १९५८ साली खास फ्लाइंग क्लबांसाठी 'पुष्पक' आले, कापडाने मढवलेल्या पंखांचे. आणि १९९३ साली बंगलोरच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेचे 'हंस' आले. नावे बदलली, पंख कापडाचे होते ते नव्या धाग्यांच्या आणि राळेच्या मिश्रणाचे झाले; दोन आसने आणि दोन दांड्या मात्र होत्या तिथेच राहिल्या.

या दुसऱ्या दांडीपाशी माझे मन अडकले आहे. ती कोणासाठी असते? शिष्याचा जीव वाचावा म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि खोटेही नाही. पण तेवढेच खरे असते, तर गुरूने ती कधीच सोडायला नको होती. कारण जीव तर रोजच वाचवायचा असतो. मग प्रश्न असा पडतो की, दुसऱ्याला त्याच्या चुकीपासून वाचवण्याचा माझा हक्क कुठवर पोचतो? आणि वाचवता वाचवता मी त्याचे काही चोरू तर लागत नाही ना?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. तो माझ्या घरात बावीस वर्षे बसून आहे.

माझे वडील १९७१ साली अचानक गेले. मी एकोणीस वर्षांचा होतो. दुकानात मी तोवर फक्त चादरींच्या घड्या घातल्या होत्या. वही कशी लिहितात, उधारी कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, यातले ओ की ठो मला ठाऊक नव्हते. वडिलांनी शिकवले नाही, असे नव्हे. 'पुढे बघू' म्हणत राहिले आणि पुढे बघायला तेच उरले नाहीत. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. माणसे खडी फोडायला गेली, तिथे चादर कोण घेणार? त्याच वर्षी बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने गोड बोलून माझ्याकडून मोठा माल उधारीवर नेला आणि तो पुन्हा दिसला नाही. आईच्या पाटल्या गेल्या. माझ्या विमानात दुसरी दांडीच नव्हती. जमिनीला पोट घासत मी कसाबसा वर आलो आणि त्या दिवसांत मनाशी एक शपथ घेतली: माझ्या मुलावर ही वेळ येऊ देणार नाही.

शपथ चांगली होती. माणसाच्या हातून जे वाईट होते ते बहुधा चांगल्या शपथेच्या पोटीच होते.

मुलगा शिकून दुकानात आला तेव्हा मी त्याला शेजारी नव्हे, पुढे बसवले. लोक म्हणाले, अण्णांनी मुलाच्या हाती कारभार दिला. मीही तसेच समजत होतो. दोन-तीन वर्षांनी एका दिवाळीला त्याने आपल्या बुद्धीने एक बेत केला. जाड सोलापुरी चादरींऐवजी हलक्या, छापील पलंगपोसांचा मोठा माल मागवायचा. त्याने मला विचारले, मी 'कर की' म्हणालो, आणि तो घरी गेल्यावर दलालाला फोन करून सांगितले की, माल निम्माच पाठव आणि मुलाने विचारलेच, तर गिरणीत माल कमी होता असे सांग.

माल निम्मा आला. त्यातलाही बराचसा दिवाळी उलटल्यावर पडून राहिला. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. मला किती समाधान वाटले ते सांगू नये. पुढे चार-पाच वर्षांनी त्या दलालानेच हसत हसत ती गोष्ट मुलाला सांगून टाकली. मला वाटले, मुलगा चिडेल, निदान 'तुम्ही मला वाचवलंत' असे तरी म्हणेल. तो यातले काहीच म्हणाला नाही. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "अण्णा, म्हणजे तो निर्णय माझा नव्हताच. पूर्ण माल आला असता, तर मी तो खपवायला वेगळी धडपड केली असती. कदाचित खपला असता, कदाचित बुडालो असतो. आता मी चुकलो होतो की नाही, हे मला कधीच कळायचं नाही."

त्या दिवसापासून त्याची मान मागे वळू लागली. बोहनीच्या भावापासून दुकानाच्या पाटीच्या रंगापर्यंत प्रत्येक गोष्टीत एकच शब्द: "काय करू, अण्णा?" मी त्याचे पैसे वाचवले होते, पण त्याची चूक मी चोरली होती. चूक ही माणसाची मालमत्ता आहे, हे तोवर माझ्या ध्यानीमनी नव्हते.

नातीकडून तिच्या शिक्षणाची रीत ऐकताना मला प्रथम टोचले ते हेच. त्यांच्याकडे दांडी कोणाच्या हाती आहे हे मोठ्याने बोलून ठरवतात. गुरू म्हणतो, "यू हॅव कंट्रोल." शिष्य ते ऐकून म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." तेव्हाच ताबा बदलला असे समजायचे. परत घेतानाही तसेच. उगाच शिष्टाचार म्हणून नव्हे. दोघांनाही वाटावे की विमान दुसरा चालवतो आहे, आणि चालवीत कोणीच नसावे, असे झाले तर घात होतो. किंवा दोघांनीही दांडी धरलेली, एक डावीकडे ओढतो आणि एक उजवीकडे. मी तिला विचारले, "समज, सरांनी न सांगता जरासा हात लावला तर?" ती म्हणाली, "चांगले सर नाही लावत, आजोबा. कारण मग विमान उतरलं ते माझ्यामुळं की त्यांच्यामुळं, हे मला कळणारच नाही ना." बापाचे शब्द तिने कधी ऐकले नव्हते; आणि तरी तेच शब्द ती बोलली.

आपल्या घरांतून ताबा कधी बोलून दिला जात नाही. सुनेच्या हाती किल्ल्या येतात, पण फडताळातल्या डब्यांची जागा सासू ठरवते. मुलाच्या नावाने पाटी लागते, पण सही वडील करतात. आपण याला माया म्हणतो, आणि माया त्यात असतेही. परंतु मायेने केलेली लबाडी ही लबाडीच असते. फक्त तिच्याबद्दल कोणाकडे दाद मागता येत नाही.

आता कोणी म्हणेल, मग काय पोरांना वाऱ्यावर सोडायचे? तसे सोडले की काय होते, हे मी एकोणिसाव्या वर्षी भोगले आहे. तेव्हा तो उपदेश मला कोणी करू नये. इथेच या चिमुकल्या विमानाचे शहाणपण मला मोठे वाटते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानदलात नवशिके वैमानिक शत्रूच्या गोळीने मरत, तसे शिकतानाही फार मरत. त्या वेळची शिकवण अशी होती की, धोक्याच्या वाऱ्यालाही शिष्याला उभे करू नये. १९१७ साली गॉस्पोर्ट येथे स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने ही रीत उलटी केली. त्याने 'अ‍ॅव्हरो' विमानात शिष्याला वैमानिकाच्या मुख्य आसनावर बसवले आणि शिक्षकाला उतारूच्या जागी. दोघांत बोलण्यासाठी एक नळी टाकली. आणि सांगितले, धोका टाळू नका. शिष्याला घेऊन धोक्यात जा, त्यातून बाहेर कसे यायचे ते दाखवा, मग तेच त्याच्याकडून करवून घ्या.

आजही तेच करतात. विमानाचे नाक फार वर धरले की पंखांवरची हवा त्यांना धरून राहत नाही, आधार सुटतो आणि विमान एकाएकी बसते. कधी गरगरत खाली जाते. नवशिक्याच्या पोटात गोळा आणणारा हा प्रकार शिक्षक मुद्दाम घडवून आणतो. मात्र कुठे? जमिनीलगत नव्हे. आधी विमान चांगले उंच नेतो. खाली भरपूर मोकळे आभाळ असले पाहिजे, म्हणजे चूक होऊन, ती कळून, ती निस्तरायला वेळ राहतो. उंची म्हणजे चुकीसाठी राखून ठेवलेली जागा.

हे ऐकले आणि माझ्या प्रश्नाची घडी जराशी उलगडली. वडीलधाऱ्यांचे काम हात धरून ठेवणे हे नाही, आणि हात झिडकारणे हेही नाही. त्यांचे काम उंची देण्याचे आहे. माझ्या वडिलांनी मला उंची न देता सोडले. त्यांचा इलाज नव्हता. मी मुलाला उंची दिली आणि हात सोडला नाही. माझा इलाज होता. त्या दिवाळीचा निम्मा माल बुडाला असता तरी दुकान बुडणार नव्हते. तेवढे गाठीला बांधून ठेवलेले होते. त्याला सांगता आले असते, "बाबा रे, एवढी रक्कम तुझी. बुडाली तर बुडाली. त्याच्या पलीकडे मात्र मी दांडी घेईन." मग त्याची चूक त्याची राहिली असती आणि माझी काळजीही माझी राहिली असती. जी चूक माणसाला मारते ती आणि जी चूक माणसाला शिकवते ती, या दोहोंतला फरक ओळखणे हीच शिक्षकाची सारी विद्या आहे. मला तो ओळखू येत होता, हेच माझे खरे दुःख आहे.

कुणाला वाटेल, ही सारी परकी रीत झाली. तसे नाही. आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात. ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात पेलून चालणे हे खायचे काम नव्हे. महिना-महिना आधी सराव चालतो. सरावात नवख्या पोराच्या कमरेला काठी दिली की जाणती माणसे भोवती उभी राहतात. हात जवळ असतात, पण काठीला लागलेले नसतात. काठी झुकली तर ती धरतील. डुगडुगली म्हणून धरणार नाहीत. आणि थोडे मागे गेले तर गीतेत दोन आसनांचा रथच आहे. लगाम एकाच्या हाती, धनुष्य दुसऱ्याच्या. अठरा अध्याय बोलून झाल्यावर, विश्वरूप दाखवून झाल्यावर, भगवान शेवटी अर्जुनाला काय सांगतात? यावर पुरा विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. ज्याला सारे ठाऊक आहे त्यानेही शेवटी दांडी सोडली. मला नव्या पेठेतल्या चादरींचे भाव तेवढे ठाऊक होते, आणि मी सोडायला तयार नव्हतो.

अर्थात सोडणे आणि सुटणे यांत फरक आहे, हेही नमूद केले पाहिजे. वालचंदांनी कारखाना काढला आणि पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच युद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. 'एच. टी. २' उडाले तेव्हा ते हयात होते. १९५३ साली ते वारले. आपण लावलेल्या झाडाचे हे फळ दुसऱ्याच्या अंगणात पडलेले त्यांना कसे वाटले असेल, याची मी फक्त कल्पना करू शकतो. त्यांच्या हातून दांडी परिस्थितीने काढून घेतली. काळही आपणा सर्वांच्या हातून ती कधीतरी काढून घेणारच आहे. प्रश्न एवढाच, की तोवर ती आपण होऊन दिलेली असेल की नाही.

आता नातीच्या पहिल्या एकट्या उड्डाणाची हकिगत सांगितली पाहिजे. ती विमान शिकणार हे ठरले तेव्हा मी कडाडून विरोध केला होता. मुलीची जात, एवढा पैसा, एवढा धोका. म्हाताऱ्यांना जे जे सुचते ते सारे मला सुचले. त्या वेळी माझ्या मुलाने मान मागे वळवली नाही. "ती जाईल," एवढेच तो म्हणाला आणि उठून गेला. जो माणूस दुकानात टॉवेलाचा भाव स्वतः ठरवत नव्हता त्याने हे ठरवले. मला तेव्हा राग आला. आता कळते की, सोडणे म्हणजे काय हे आमच्या घरात त्यालाच कळत होते, कारण न सोडण्याचे दुखणे त्याने सोसले होते.

एके सकाळी तिने सरांबरोबर तीन वेळा विमान उतरवले. चौथ्या वेळी सर म्हणाले, "इथं थांबव." त्यांनी आपला पट्टा सोडला, दार उघडले. मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. रिकाम्या झालेल्या आसनाचे पट्टे त्यांनी नीट बांधून, आवळून ठेवले. म्हणाले, "सुटे राहिले तर दांडीत अडकतात." आणि "एक चक्कर मार आणि ये," असे म्हणून ते खाली उतरले.

मी विचारले, "भीती वाटली का गं?"

ती म्हणाली, "आधी वाटली. पण धावपट्टीवर वेग घेतला आणि विमान नेहमीपेक्षा लवकरच वर उचललं. चढतंयही झपाझप. मला कळेचना काय झालं. मग लक्षात आलं, सरांचं वजन नाहीये ना!"

मी हसलो, पण हे वाक्य मला अजून पुरते पचलेले नाही. आपण शेजारी बसलो आहोत म्हणून ते उडते आहे, असे आपल्याला वाटते. आपले वजनही असते, हे कोणी सांगत नाही.

"आणि सर काय करत होते?"

"कडेला उभे होते. हातात रेडिओ होता. पण बोलले नाहीत. पाच-सहा मिनिटांची तर चक्कर. उतरले तेव्हा बघितलं, त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता घामानं."

त्या घामाला मी नमस्कार करतो. दांडी सोडल्याने काळजी सुटत नाही. उलट, ज्याच्या हातात काही नाही त्याची काळजी दुप्पट होते. तरीही बोलायचे नाही, कारण आता बोललो तर तिचे ऐकणे वाढेल आणि पाहणे कमी होईल. त्या पाच-सहा मिनिटांत त्या गृहस्थाने जे केले ते मला बावीस वर्षांत साधले नाही.

गेल्या पाडव्याला वहीपूजन झाल्यावर मी मुलाला समोर बसवले आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्याने सांगितले, "आजपासून दुकान तुझ्याकडे. भाव तुझा, माल तुझा, नफा-तोटा तुझा. मला विचारायचं नाही. मी सांगायचं नाही." नात कोपऱ्यातून पुटपुटली, "बाबा, 'माझ्याकडे आहे' म्हणा. नाहीतर ताबा बदलत नाही." त्याने माझ्याकडे पाहिले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "माझ्याकडे आहे, अण्णा."

गोष्ट इथे संपवली असती तर ती दिवाळीच्या फराळासारखी खुसखुशीत झाली असती. पण खरे सांगायला हवे. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. दुपारी दुकान उघडले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला त्याची मान मागे वळली. एवढ्या वर्षांची सवय एका वाक्याने जात नाही. आणि उशिरा दिलेली गोष्ट वेळेवर दिलेल्या गोष्टीइतकी कधीच होत नाही. चाळिशी उलटलेल्या मुलाला मी पंचविशीतली चूक परत कुठून आणून देणार? तो तोटा माझ्या खात्यावर आहे आणि तो फिटण्यातला नाही.

मी मात्र एक केले. माझ्याजवळची किल्ली तिच्या आकड्यातून काढून त्याला दिली. लोड घरी पाठवून दिला. मग माझ्या लक्षात आले की, उतरलेल्या माणसाचे पट्टेही सुटे राहतात. भाव ऐकून खाकरणे, उसासा टाकणे, 'आमच्या वेळी' असे वाक्य सुरू करून अर्ध्यावर सोडणे, कपाळाला आठी घालणे: हे सारे सुटे पट्टे, आणि ते बरोबर दांडीत जाऊन अडकतात. त्यांना एकेक करून बांधतो आहे. खाकरणे सुटले आहे. आठी अजून जात नाही.

हल्ली मी दुकानात गेलोच तर बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसतो. दिवाळीचा हंगाम तोंडावर आहे. यंदा त्याने हलक्या पलंगपोसांचा मोठा माल भरला आहे. मी दलालाला फोन केलेला नाही. माल खपेल की पडून राहील, हे मला ठाऊक नाही. माझ्या मनाला विचाराल तर तो जरा जास्तच झाला आहे. पण मन माझे आहे आणि माल त्याचा आहे. बाकावर बसून मी गर्दी पाहतो, आणि घाम आला की उपरण्याने पुसतो.